कूस, घास आणि रात्रपाळी : घरच्या शुश्रूषेविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली पत्रं जवळजवळ सगळी एकाच खाटेभोवतीची आहेत. विचारणारे मुलगे, सुना, लेकी. पत्रं थोडी संपादून घेतली आहेत.

वडील ७८ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं. एअर बेड आणला, दिवसातून दोनदा पावडर लावतो, कमरेखाली रबराची रिंग ठेवतो. तरी माकडहाडाशी रुपयाएवढी जखम झाली. काय चुकतंय? — कराड

तीनही गोष्टी मनापासून केल्या आहेत, पण त्यातल्या दोन आजच बंद करा. रिंगच्या कडेवर दाब येतो, त्यामुळे मधल्या गोलातल्या कातडीला रक्त कमी पोचतं. म्हणजे जी जागा वाचवायची, तिचीच उपासमार. पावडर घामात भिजते, तिच्या गुठळ्या होतात आणि त्या कातडीला घासतात. लाल झालेल्या जागेवर कुणी तेल चोळत असेल तर तेही थांबवा. आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेपलेल्या असतात, चोळल्याने त्या फाटतात.

आता एअर बेड. वडील त्यावर झोपलेले असताना तळवा वर करून हात बेडखाली, बरोबर कमरेच्या हाडाखाली सरकवा. हात आणि हाड यांच्यामध्ये किमान इंचभर हवेची उशी लागली पाहिजे. हाड हाताला टोचलं तर माणूस तळाला टेकलाय. मग पंपाचं बटण वजनाप्रमाणे वाढवा, नळी कुठे मुडपलीय का पाहा. फुगे फुगेवाला पातळ बेड नेहमीच्या गादीवरच अंथरायचा असतो, नुसत्या फळीवर नाही, कारण वीज गेली की हवा उतरते आणि मग खालची गादीच कामाला येते. बऱ्याच घरांत या बेडवर रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर पॅड आणि वर डायपर असा थर चढतो. इतक्या थरांतून हवेचा फायदा कातडीपर्यंत पोचतच नाही. वर एकच सुती चादर हवी, तीही सैल. ताणून खोचली की ती झोळीसारखी आवळते.

आणि बेड कितीही चांगला असला तरी कूस बदलावी लागतेच. दर दोन तासांनी. पूर्ण कुशीवर वळवू नका, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे दुसरी जखम होते. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लांबट उशी सरकवून अंग ३० अंश कलतं ठेवा. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली आडवी नाही, उभी उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. टाचेखालून कागद आरपार गेला की जमलं. जखम माकडहाडाशी असल्यामुळे सध्या क्रम ठेवा डावी, उजवी, डावी. उताणं फक्त जेवण आणि स्वच्छतेपुरतं. लुळ्या बाजूवर झोपवलं तर चालतं, पण तो खांदा अंगाखाली चेपू देऊ नका, थोडा पुढे ओढून घ्या आणि त्या बाजूला थोडा कमी वेळ ठेवा.

वळवताना ओढायचं नाही. जुनी सुती साडी चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली कायम असू द्या. दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा अंगालगत गुंडाळून घट्ट धरायच्या, किंचित उचलायचं आणि मग सरकवायचं. एकटेच असाल तर ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा, पलीकडचा गुडघा दुमडा, एक हात पलीकडच्या खांद्यामागे आणि एक कमरेवर ठेवून आपल्याकडे वळवा. आपल्या गुडघ्यांत वाक घ्या, कमरेतून वाकू नका. उजव्या हाताला धरून मात्र कधीच ओढू नका. लकवा झालेल्या हाताचा खांदा स्नायूंअभावी नुसता लोंबत असतो, तो निखळतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखत राहतो.

फाउलर बेड (डोक्याकडचा आणि गुडघ्याकडचा भाग वर होणारी इस्पितळासारखी खाट) असेल तर डोक्याकडचा भाग ३० अंशांपेक्षा वर फक्त जेवणाच्या वेळी आणि त्यानंतर तासभर ठेवा. एरवी अंग खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं. ही ओढाताण दाबाइतकीच घातक. वर करताना आधी गुडघ्याकडची कडी फिरवा, मग डोक्याकडची. माणूस घसरत नाही.

जखम धुवायला मेडिकलमधली नॉर्मल सलाइनची बाटली पुरे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, राख यांनी भरत आलेलं नवं मांस जळतं किंवा मळतं. बीटाडीनही स्वच्छ जखमेवर रोज ओतायची गोष्ट नाही. ड्रेसिंग कोणतं, ते डॉक्टरांना एकदा जखम दाखवून ठरवा. दर रविवारी पट्टी धरून लांबी-रुंदी लिहा आणि एकाच अंतरावरून फोटो काढा. दोन आठवड्यांत आकडा उतरला नाही तर उपाय बदलायला हवा. काळा पापुद्रा, दुर्गंधी, ताप, भोवती वाढत जाणारी सूज किंवा तळाशी हाड दिसणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट सर्जनकडे.

भरून यायला प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम. दोन वेळच्या मऊ वरण-भातावर हा आकडा गाठला जात नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात साधारण ६, मूठभर शेंगदाण्याच्या कुटात ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, साय काढलेल्या दुधाच्या ३० ग्रॅम पावडरीत १० च्या आसपास. ती पावडर खिरीत, ताकात, कणकेत कुठेही मिसळते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

पुढची जखम टाळण्यासाठी रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल जागा बोटाने तीन सेकंद दाबा. बोट काढल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, तशीच लाल राहिली तर सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हाताला गरम लागणं, कडक लागणं किंवा जांभळट झाक यावर जायचं.

सासूबाईंना पक्षाघातानंतर पाण्याचा ठसका लागतो. म्हणून आम्ही त्यांना फक्त पेज आणि चहा-बिस्किट देतो. तेही खोकत खोकत. — रत्नागिरी

पेज हलकी म्हणून दिली जाते, पण गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी ती अवघड आहे. त्यात पातळ पाणी आणि शितं दोन्ही एकत्र असतात. तोंड शितं सांभाळत असतं तेवढ्यात पाणी घशात उतरून श्वासनलिकेच्या तोंडाशी पोचलेलं असतं, आणि ते तोंड झाकणारं झाकण अजून बंद झालेलं नसतं. चहात बुडवलेलं बिस्किट, रश्शातले तुकडे, संत्र्याची फोड हे सगळे याच जातीचे. याउलट पोहे, चुरमुरे, कुरकुरीत काहीही सुटं सुटं पसरतं, साबुदाणा टाळ्याला चिकटतो.

तीच पेज मिक्सरमधून काढा आणि आटवा, चमचा तिरका केल्यावर गोळ्याने पडेल इतकी. खिमट, घट्ट नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, घट्ट दही, मऊ आटवल तूप घालून घोटलेलं, असं सगळं एकसारखं हवं. पाणी, चहा, ताक यांत मेडिकलमध्ये मिळणारी थिकनर (घट्ट करणारी) पावडर डब्यावर लिहिलेल्या मापाने घाला. अंदाजाने घालू नका, आणि ढवळल्यावर ते आळायला वेळ द्या.

भरवण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. पूर्ण ताठ बसवा, पाय टेकलेले असू द्या. तुम्ही उभं राहून भरवलंत की त्या मान वर करतात आणि घसा सरळ उघडा पडतो. म्हणून समोर स्टुलावर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडं खाली बसा. हनुवटी किंचित छातीकडे. अर्धा चहाचा चमचा, चांगल्या बाजूच्या गालात. कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. चार-पाच घासांनंतर ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर घशात काही उरलंय. खोकायला सांगा, पुन्हा गिळायला सांगा. शेवटी लुळ्या बाजूचा गाल बोटाने तपासा, तिथे घास साठून राहतो आणि झोपल्यावर खाली उतरतो. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. झोपेत किंवा गुंगीत असतील तर भरवायचंच नाही, जेवणाची वेळ टळली तरी चालेल.

सकाळी आणि रात्री मऊ ब्रशने दात, जीभ, टाळू स्वच्छ करा, कवळी रात्री काढून ठेवा. चुकून फुफ्फुसात गेलेल्या लाळेबरोबर तोंडातले जंतूही जातात, आणि न्यूमोनिया त्यातूनच होतो. काहींना ठसका लागतही नाही, गुपचूप आत जातं. म्हणून वरचेवर येणारा ताप, जेवणानंतरची घरघर, उतरणारं वजन याकडे लक्ष ठेवा.

गोळ्या पाण्याऐवजी दह्याच्या किंवा केळ्याच्या घासात द्या. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असेल तर ती हळूहळू औषध सोडणारी गोळी, ती कुटायची नाही. कुटली तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. डॉक्टर दुसरा प्रकार देऊ शकतात. एक जेवण चाळीस मिनिटांच्या पुढे जात असेल आणि वजन उतरत असेल तर नाकातून अन्न देण्याच्या नळीविषयी स्पष्ट बोलून घ्या. स्पीच थेरपिस्ट बोलण्यासाठीच असतात असा समज आहे, गिळण्याची तपासणी आणि व्यायामही तेच करतात. जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा तरी दाखवा.

आजी ८४ वर्षांची. परवापर्यंत पेपर वाचत होती. दोन दिवसांपासून भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, रात्रभर जागी, दिवसा झोपलेली. सगळे म्हणतात म्हातारचळ लागला. — नागपूर

म्हातारचळ दोन दिवसांत लागत नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. अचानक आलेला, दिवसात कमी-जास्त होणारा गोंधळ म्हणजे शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडलंय, आणि बहुतेक वेळा ते दुरुस्त होण्याजोगं असतं. हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून उत्तर आधीच कळवलं. इतरांसाठी इथे देतो आहोत.

मधुमेह असेल तर सगळ्यात आधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली आणि आजी शुद्धीवर, गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर साखर वर आली तरी काही तासांनी परत घसरते, म्हणून दवाखान्यात न्याच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका.

मग बाकीची झडती. लघवीचा संसर्ग, जो या वयात ताप न येताही असतो. लघवी तुंबणं. चार-चार दिवस पोट साफ नसणं. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडणं. रक्तातलं सोडियम उतरणं, विशेषतः बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर. सर्दीची गोळी: क्लोरफेनिरामिन तरुणाला नुसती झोप आणतं, ऐंशीच्या माणसाला भ्रम. नव्याने सुरू झालेली किंवा अचानक बंद केलेली झोपेची गोळी. मागच्या महिन्या-दीड महिन्यात डोक्यावर पडणं, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर किरकोळ पडणंही. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. मेडिकलवाल्याने दिलेली आणि शेजारणीने दिलेली पण.

घरी चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं असू द्या. दिवसा पडदे उघडे, रात्री मंद दिवा. एकच ओळखीचं माणूस जवळ. ‘भिंतीवर कुणी नाही’ म्हणून वाद घालू नका, आणि हातपाय बांधू नका. चेहरा वाकडा, बोलणं जड, एका बाजूचा हात उचलत नाही असं एकदम झालं असेल तर मात्र ही यादी बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ती वेळ लिहून ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच विचारतात.

बाबांना लघवीची नळी आहे. तरी कपडे ओले होतात. मोठ्या आकाराची नळी घालावी का? — ठाणे

नको. नळीच्या बाजूने गळतं ते बहुतेकदा वाट अडल्यामुळे. नळी मांडीखाली दाबलीय किंवा मुडपलीय का, पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा वर आलीय का (व्हीलचेअरवर बसवताना ती मांडीवर ठेवायची सवय सर्रास असते), बद्धकोष्ठ आहे का, हे या क्रमाने पाहा. मोठी नळी घातली तर मूत्राशय आणखी आचके देतं आणि गळती वाढते.

पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, जमिनीला टेकू देऊ नका. नळी मांडीला पट्टीने अडकवा, थोडी ढील ठेवून. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, ती ओढली गेली तर मार्ग फाटून रक्त येतं. साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, पूर्ण सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते. तीन-चार तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट कडक लागलं तर त्याच दिवशी दवाखाना. नुसती लघवी गढूळ आहे, पण ताप नाही, गोंधळ नाही, तर अँटिबायोटिक लागत नाही. बरेच दिवस नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच.

आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ही नळी अजून हवी आहे का? इस्पितळात सोयीसाठी घातलेली नळी घरी आल्यावर काढायची राहून जाते, हे फार घडतं.

शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी लावली. दर आठ-दहा दिवसांनी माणूस बदलतं आणि प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. — पुणे

सांगू नका, लिहून भिंतीवर लावा. एक कागद कायमचा: कुठली बाजू लुळी, कशाने ठसका लागतो, कुठल्या औषधाची ॲलर्जी, कुणाला फोन करायचा. आणि शंभर पानी वही रोजची, रकाने आखून: वेळ, कूस डावी की उजवी, खाल्लं काय आणि किती, लघवी किती मिली, शौच, औषध दिलं त्याची खूण. ‘जेवले’ असं लिहू देऊ नका. ‘अर्धी वाटी खिमट, २० मिनिटं’ असं हवं. आठला पाळी बदलत असेल तर येणारीला पावणेआठला बोलवा, त्या पंधरा मिनिटांत जाणाऱ्या मावशींनी येणाऱ्या मावशींना पाठ आणि टाचा उघडून दाखवायच्या. जखम कुणाच्या पाळीत झाली हा वादच उरत नाही.

कामाची हद्द पहिल्या दिवशी ठरवा. बहुतेक मावशी नर्स नसतात. इन्शुलिन, नाकातली नळी बसवणं, खोल जखमेचं ड्रेसिंग त्यांच्यावर सोपवू नका, ‘येतं मला’ म्हणाल्या तरी. पहिली कूस तुम्ही बदलून दाखवा, दुसरी त्यांना बदलू द्या आणि बघत उभे राहा. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी ब्युरोकडे मागायला संकोच नको.

चोवीस तासांच्या ड्युटीबद्दल आमचं मत कडक आहे. दर दोन तासांनी उठून दिवसा पुन्हा राबणं कुणालाच जमत नाही. अशा घरात कागदावर कूस बदललेली असते, अंगावर नाही. एकच माणूस परवडत असेल तर ते रात्रपाळीला घ्या. दिवसाचं काम घरच्यांत वाटून घेता येतं, झोप घेता येत नाही. मावशींना बसायला खुर्ची, जेवायला वेळ आणि आठवड्याची सुट्टी मिळाली तर त्या टिकतात. दर आठ-दहा दिवसांनी बदलण्याचं कारण कधीकधी ब्युरोत नसून घरात असतं.

आई-बाबा सांगलीला दादा-वहिनींकडे. मी अमेरिकेत. रोज व्हिडिओ कॉल करते, इंटरनेटवर वाचलेलं वहिनीला पाठवते. ती हल्ली तुटक बोलते. — न्यू जर्सी

पाठवणं थांबवा. दिवसभर हात अडकलेल्या माणसाला दुरून आलेली सूचना हिशेब मागितल्यासारखी वाटते. त्याऐवजी अशी कामं उचला जी दुरूनही पुरी होतात: औषधांची ऑनलाइन मागणी, विम्याची कागदपत्रं, डॉक्टरांच्या वेळा घेणं, रात्रपाळीच्या मावशींचा पगार दर महिन्याच्या १ तारखेला, न मागता. भारतात याल तेव्हा पाहुणी म्हणून येऊ नका. पहिले दोन दिवस वहिनींकडून सगळं शिका आणि नंतर दहा दिवस त्यांना घराबाहेर पाठवा, माहेरी किंवा त्यांना हवं तिथे. फोनवर ‘आई कशी आहे’च्या आधी ‘वहिनी, रात्री झोपलात का’ हे विचारा. उत्तर सलग काही आठवडे ‘नाही’ येत असेल, चिडचिड, रडू, पाठदुखी वाढत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांना द्या. तो चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

दोन छोट्या शंका : सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डातून घरच्या मावशींचा खर्च मिळतो का? आणि अंथरुणावरून पेन्शनसाठी हयातीचा दाखला कसा द्यायचा? — नाशिक

पहिल्याचं उत्तर नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, पण ते योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडी, डायपर, एअर बेड, घरची माणसं यात बसत नाहीत. कार्ड मात्र आजारपणाआधीच काढून ठेवा, आधारवरचं वय आणि बोटांचे ठसे जुळेनात की ऐन वेळी धावपळ होते. चौकशीसाठी १४५५५.

दाखल्यासाठी आता बँकेत न्यावं लागत नाही. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्या. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पेन्शनचं खातं आणि ओटीपीसाठी मोबाइल जवळ ठेवा. चेहरा टिपताना खिडकीचा उजेड समोरून पडेल असं बसवा, उशी पांढरी असेल तर मागे गडद चादर लावा, आणि डोळे मिटून उघडायला सांगितलं की कानाशी जाऊन सांगा. जमलंच नाही तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन करून देतो. केंद्र सरकारच्या ८० आणि त्यापुढच्या वयाच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघायचं कारण नाही.